‘भाऊ घरी असतात’: सिडकोतल्या एका निवृत्त जोडप्याचं प्रकरण

फाइल उघडली ती भाऊंच्या नावानं. मुलगा पुण्याला हिंजवडीत नोकरीला. मे २०२५ मध्ये त्याचा फोन आला की बाबा रिटायर झाल्यापासून चिडचिड करतात, दिवसभर आईच्या मागे मागे फिरतात, त्यांना काहीतरी उद्योग लावून द्या. नाशिकच्या सिडको भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात मी सल्ल्याचं काम पाहते. असे फोन येतच असतात आणि बहुतेक वेळा मुलं वडिलांबद्दलच बोलतात. आई कशी आहे म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: “आईचं काय, ती असते तिच्या कामात.”

या लेखात ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गल्लीतले लोक त्यांना भाऊ आणि वहिनी म्हणतात, मीही तेच म्हणेन.

भाऊ ५८ पूर्ण करून जानेवारी २०२४ मध्ये सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. नोकरी ३६ वर्षांची, त्यातली शेवटची बरीच वर्षं मालाच्या इन्स्पेक्शनला. हातात मोजमापाचा व्हर्निअर, खिशात लाल आणि हिरवा पेन. वहिनी ५४ वर्षांच्या, माहेर सिन्नर तालुक्यातलं, दहावी शिकलेल्या. राहायला सिडकोच्या जुन्या स्कीममधलं घर, नंतर वर एक मजला चढवलेला. पवननगरची भाजी पायी जाण्याच्या अंतरावर, त्रिमूर्ती चौकातून बस. घरावर कर्ज नाही. मुलगी लग्न होऊन जळगावला. दोघांनाही बीपीची गोळी, बाकी तब्येती ठणठणीत.

पैशाची बाजू आधी उरकून घेते, कारण सगळ्यांना पहिला संशय तिथेच येतो. फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे भाऊंनी नीट लावले होते. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख. साठीच्या आत निवृत्त झालेल्यालाही हे खातं उघडता येतं, फक्त निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर मुदतीत उघडावं लागतं. ही मुदत पूर्वी एकच महिना होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये ती तीन महिने झाली, आणि भाऊंना ते माहीत होतं. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ३०,७५० रुपये. दोघांच्या नावानं मासिक प्राप्ती योजनेत ९ लाख, त्याचे ७.४ टक्क्यांनी महिन्याला ५,५५०. वहिनींच्या एकटीच्या नावानं महिला सन्मान बचत पत्रात २ लाख. शिवाय ईपीएसची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीबरोबरच्या योजनेतली पेन्शन, जी इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही चार-साडेचार हजारांच्या वर जात नाही. गोळाबेरीज महिन्याला वीस हजारांच्या आसपास. सिडकोत स्वतःच्या घरात राहणाऱ्या दोघांना ओढाताण न होता पुरतील एवढे. म्हणजे खरी अडचण पैशाची नव्हती. पैशाच्या भीतीची मात्र होती, त्याबद्दल पुढे.

पहिल्या भेटीला मी घरी गेले. अशा प्रकरणात ऑफिसात बोलावण्यापेक्षा घरी जाणं मला बरं वाटतं, घर स्वतःच निम्मं बोलतं. या घरात ते जरा जास्तच बोलत होतं. स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर पांढरी चिठ्ठी: तूरडाळ, हरभरा डाळ, मूग सालासकट, पोहे जाड, पोहे पातळ. सगळे डबे उंचीप्रमाणे लावलेले. सिलिंडरवर कागद चिकटवलेला, त्यावर लावल्याची तारीख, संपल्याची तारीख, एकूण दिवस. फ्रिजवर आठवड्याचा तक्ता. मिसळणाचा डबा गॅसजवळून उचलून शेल्फच्या दुसऱ्या खणात ठेवलेला, कारण “उष्णतेनं मसाल्याचा वास उडतो”.

भाऊंनी मला हे सगळं हौसेनं दाखवलं. वहिनी चहा करत होत्या. साखर घ्यायला त्यांनी हात पुढे केला तो गॅसशेजारच्या रिकाम्या जागेवर गेला. मग त्या वळल्या, चिठ्ठ्या वाचत वाचत साखरेचा डबा शोधला. दीड वर्ष झालं होतं, तरी हात जुन्याच जागी जात होता. नंतर एकट्या भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “मला डबा पोचा पडलेल्या बाजूनं ओळखू येतो हो. डाळीच्या डब्याला उजवीकडे पोचा आहे. आता सगळे डबे नवे आणलेत, एकसारखे.”

इथवर ऐकून कुणीही म्हणेल, घरोघरी मातीच्या चुली. रिटायर नवरा स्वयंपाकघरात लुडबुड करतो, बायको वैतागते, यात अभ्यास करण्यासारखं काय? जपानमध्ये नोबुओ कुरोकावा नावाच्या डॉक्टरांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला याला ‘निवृत्त नवऱ्याचा विकार’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं; नवरा घरी बसला की बायकोला डोकेदुखी, पोटदुखी, निद्रानाश सुरू होतो अशी त्यांची मांडणी. मला ते नाव फारसं पटत नाही. निवृत्त झाला नवरा, कारण नवरा, आणि दुखण्याचा शिक्का बायकोवर. पण त्यांनी जिथे बोट ठेवलं ती जागा बरोबर होती.

या घरात नेमकं काय बिघडलं हे मला डब्यांवरून कळलं नाही, ते कळलं दारातल्या ओट्यावरून.

ही गल्ली सगळी कामगारांची. कुणी सातपूरला, कुणी अंबडला. कारखान्यांच्या पाळ्या तीन: पहिली सकाळी सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा, तिसरी रात्री अकरा ते सकाळी सात. आठवड्याला पाळी बदलते. तिसऱ्या पाळीचा माणूस दिवसा झोपतो, तेव्हा त्या घरात दुपारपर्यंत कुकरची शिट्टीसुद्धा वाजवायची नाही, पोरांना बाहेर हाकलायचं. अशा गल्लीतल्या बायकांनी तीस-पस्तीस वर्षांत स्वतःचं एक वेळापत्रक बसवलं होतं, कुठेही न लिहिता. दुपारी दोन ते साडेचार ओट्यावर बसायचं. कोणाच्या? जिचा माणूस त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला असेल तिच्या. तो दोनच्या बसनं जातो, घर मोकळं होतं. तिसऱ्या पाळीवाल्याचा ओटा आठवडाभर बंद. या बैठकीत तांदूळ निवडणं, मेथी मोडणं, भिशीचे पैसे गोळा करणं, कुणाच्या सुनेला कुठल्या दवाखान्यात न्यायचं, कुणाला उसने द्यायचे, हे सगळं चालायचं. वहिनींच्या बाळंतपणानंतरच्या आजारपणात पंधरा दिवस डबे आले ते याच ओट्यांवरून.

जानेवारी २०२४ नंतर भाऊंना कुठलीच पाळी राहिली नाही. ओट्यांच्या फिरत्या क्रमातून वहिनींचा ओटा कायमचा गळाला. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. नुसतं म्हणायच्या, “तुमच्याकडे नको वहिनी, भाऊ घरी असतात.” मग वहिनी दुसऱ्यांकडे जायच्या, तर अर्ध्या तासात भाऊ फाटकाशी: “अगं, चहाची वेळ झाली.” हळूहळू त्यांनी जाणंच सोडलं.

ज्या दिवशी भाऊंना कारखान्यात शाल-श्रीफळ मिळालं, त्याच दिवसापासून वहिनींचा मैत्रिणींचा अड्डा मोडायला लागला. मुलाच्या हे गावीही नव्हतं. भाऊंच्याही नव्हतं, ते उलट म्हणाले, “आता मी दिवसभर सोबत आहे, तिला एकटं वाटायचं कारणच नाही.” हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. भाऊ वाईट माणूस नाहीत, हे इथे लिहून ठेवते, कारण पुढचं वाचताना तसं वाटू शकतं.

एप्रिलमध्ये कुरडयांचा प्रसंग घडला. वहिनी दरवर्षी कुरडया घालतात. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे शिजवून ऊन चढायच्या आत गच्चीवर सोऱ्यानं घालून मोकळं व्हायचं. चीक गरम असतानाच घालावा लागतो, म्हणून एकटीचं काम नाही; गल्लीतल्या चार-पाच जणी सहाला येतात. ओट्यावरचं बसणं बंद झालं होतं तरी कुरडयांना त्या आल्या, कारण कुरडयांना नाही म्हणायची रीत नाही. भाऊ गच्चीवर आले ते वही घेऊन. किती किलो गव्हाला किती चीक, एका घाण्यात किती कुरडया, प्रत्येकीचा व्यास साधारण किती. “पुढच्या वर्षी अंदाज येईल,” म्हणाले. एकीची कुरडई वाकडी पडली तर सहज बोलून गेले, “ही रिजेक्ट.” विनोदच होता तो. कुणी हसलं नाही. एरवी ज्या कामात हसून हसून पोट दुखतं, ते त्या दिवशी मुकाट्यानं उरकलं. दुसऱ्या दिवशी पापड लाटायला कुणीच आलं नाही. वहिनींनी उडदाचं पीठ एकटीनं कुटलं, एकटीनं लाटलं, आणि त्या रात्री जेवायला वाढून स्वतः न जेवता झोपल्या. मुलाला हे कळलं ते “आईबाबांचं काहीतरी झालंय” एवढंच. त्यानं बाबांसाठी फोन केला.

आता भीतीबद्दल. सिलिंडरचे दिवस का मोजता, असं मी भाऊंना विचारलं. दोन-तीन वेळा त्यांनी टाळलं. मग बाहेर आलं ते असं: कारखान्याचा मेडिक्लेम निवृत्तीबरोबर संपला. बाहेर पॉलिसी घ्यायला गेले तर बीपीमुळे हप्ता भारी. बरोबर निवृत्त झालेल्या एकाची अँजिओप्लास्टी झाली, त्याच्या फंडाचा मोठा लचका त्यात गेला. पंतप्रधान जन आरोग्य योजनेत उत्पन्न न बघता पाच लाखांचं संरक्षण मिळतं, पण ते सत्तरीनंतर. भाऊंना सत्तरी गाठायला अजून दहा-अकरा वर्षं. तोवर आपणच आपलं राखायचं, असा त्यांचा हिशेब. ज्या माणसाला ३६ वर्षं चूक पकडण्याचा पगार मिळाला, तो घाबरल्यावर दुसरं काय करणार? त्यानं घराचं इन्स्पेक्शन सुरू केलं.

राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता रेशनकार्डाच्या रंगापाशी अडत नाही आणि तिच्यातही पाच लाखांपर्यंतचे उपचार बसतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. योजनेतल्या रुग्णालयांची यादी घेऊन बसलो. दोघांची कार्डं काढून घेतली. सिलिंडरवरचा कागद त्यानंतर कधीतरी गळून पडला तो पडलाच, नवा लागला नाही.

पण याच भीतीतून एक गोष्ट झाली होती, जी मला डब्यांपेक्षा आणि कुरडयांपेक्षा गंभीर वाटली. नोकरीत असताना भाऊ दर महिन्याच्या सात तारखेला ठरावीक रक्कम वहिनींच्या हातात देत. त्यातलं कुठे किती गेलं हे त्यांनी उभ्या आयुष्यात विचारलं नाही. त्यातूनच वहिनींनी भिशी भरली, मुलीच्या मंगळसूत्राची वाटी केली, भावाला अडीनडीला दिले. निवृत्तीनंतर सात तारीख संपली. भाजीला जाताना दोनशे रुपये मिळायचे आणि आल्यावर “किती उरले?” हा प्रश्न. वहिनी म्हणाल्या, “तेहेतीस वर्षं संसार केला, आता भाजीवालीसमोर मोजून उभी राहते.” भिशीही त्यांनी याचसाठी सोडली होती. मैत्रिणींना त्यांनी कारण वेगळंच सांगितलं.

सोयीचा सल्ला आधीच दिला गेला होता. मुलानं बाबांना स्मार्ट टीव्ही घेऊन दिला. जावयानं योगवर्ग सुचवला. कुणीतरी म्हणालं, गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, जाऊन बसत जा सकाळी, रामकुंडावर चार माणसं भेटतात. भाऊ पंधरा दिवस गेलेही. पण माणसाला उठून जायला एक कारण लागतं, आणि छंद हे भाऊंच्या पिढीला कारण वाटत नाही. ज्यानं आयुष्यभर कार्ड पंच केलं त्याला ‘मन रमवा’ म्हणणं म्हणजे त्याला बिनपगारी रजेवर पाठवणं.

मी भाऊंना त्यांच्याच पद्धतीचं काम दिलं. एक पूर्ण दिवस वहिनींच्या कामाची नोंद करा. वेळ, काम, लागलेली मिनिटं. अट एकच: फक्त नोंद, दुरुस्ती नाही. बोलायचंही नाही. इन्स्पेक्टरला हे चांगलं कळतं. प्रोसेस चालू असताना मशीनला हात लावत नाहीत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचा आकडाही त्यांना सांगितला: घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८. “आमच्याकडे एवढं नसेल, दोघंच तर आहोत,” भाऊ म्हणाले.

तो कागद माझ्याकडे फाइलला आहे. सुरुवात ५.१५, पाणी येतं म्हणून. शेवट १०.१०, विरजण लावून. मध्ये छोट्या छोट्या ओळींची रांग. एके ठिकाणी त्यांनी लिहिलंय: “१.०५ ते १.३०, माझं जेवण. ती सहा वेळा उठली. मीठ, पाणी, गरम पोळी, फोन, ताक, दार.” पुढे कंसात, वेगळ्या शाईनं: “ताक मी आणू शकलो असतो.” खाली बेरीज ४७० मिनिटं. त्या बेरजेखाली लाल पेननं दोन रेघा मारलेल्या होत्या. कारखान्यात अशा दोन रेघा म्हणजे पुन्हा तपासून पाहिलं, आकडा बरोबर आहे.

यावर मी काही भाष्य केलं नाही. गरज नव्हती.

त्यानंतरच्या दोन बैठकांत तिघांनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. मासिक प्राप्ती योजनेचं व्याज, ते ५,५५० रुपये, थेट वहिनींच्या पोस्टाच्या बचत खात्यात जमा व्हायचं. घरखर्च त्यांनी त्यातून करायचा, कमी पडलं तर मागायचं आणि उरलं तर सांगायचं नाही. शेवटचा भाग भाऊंना जड गेला. “उरलं तर कळायला नको?” मी म्हटलं, नोकरीत असताना कळत होतं का? ते गप्प बसले, मग सही केली.

स्वयंपाकाचं वाटप आम्ही वेगळ्या तऱ्हेनं केलं. भाजी चिरून देणं, लसूण सोलून देणं असली कामं भाऊंना द्यायची नाहीत असं मी ठरवलं होतं, कारण त्यात हुकूम दुसऱ्याचा राहतो आणि देखरेख आपली. त्याऐवजी बुधवार आणि रविवारची रात्र पूर्ण भाऊंची: काय करायचं इथपासून गॅसचा ओटा पुसण्यापर्यंत. त्या वेळात वहिनींनी स्वयंपाकघरात यायचं नाही. गंमत अशी की हे मोडलं ते वहिनींनी. भाऊ पिठलं करत, काट्यावर बेसन मोजून, आणि वहिनी दारातून “गाठी होतील हो” म्हणत. भाऊंनी घासलेली भांडी त्या सकाळी पुन्हा घासत. हे भाऊंनी पकडलं, अर्थातच, आणि पुढच्या भेटीत तक्रार म्हणून मांडलं. तक्रार रास्त होती. चूक काढायची सवय एकट्या भाऊंची नव्हती, वहिनींची कधी मोजली गेली नव्हती एवढंच. त्या दिवशी दोघंही हसले. माझ्यासमोर पहिल्यांदाच.

दुपारचा प्रश्न मात्र असल्या वाटपानं सुटणारा नव्हता. भाऊंनी घराबाहेर असायला हवं होतं, आणि खऱ्या कारणानं. इथे नाशिक कामी आलं. अंबडला लहान लहान वर्कशॉप शेकड्यानं आहेत. त्यांना मोठ्या कंपन्यांचा माल पुरवायचा तर मोजमापाची उपकरणं वेळच्या वेळी तपासून नोंदी ठेवाव्या लागतात, आणि पूर्ण पगाराचा माणूस ठेवणं परवडत नाही. भाऊंच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीनं तिथे काम निघालं. आठवड्यातले चार दिवस, दुपारी दोन ते सहा. मानधन थोडकं आहे, पण दीडच्या सुमाराला भाऊ डबा घेऊन निघतात. डबा दुपारच्या खाण्याचा. तो ते स्वतः भरतात.

ओटा लगेच भरला नाही. महिनाभर बायका विचारत राहिल्या, “भाऊ गेले का नक्की?” श्रावणात एकदा मंगळागौरीच्या तयारीला दोघी-तिघी आल्या आणि मग बसणं सुरू झालं. पूर्वीच्या सगळ्या आल्या नाहीत. एक मुलाकडे राहायला गेली, एकीशी मधल्या काळात जो दुरावा आला तो तसाच राहिला. भिशीत वहिनी पुन्हा आहेत, आणि या वर्षी हिशेब त्यांच्याकडे आहे.

डब्यांवरच्या चिठ्ठ्या अजून तशाच आहेत. मिसळणाचा डबा परत गॅसजवळ आला. उन्हाळ्यात कुरडयांच्या आदल्या दिवशी भाऊंनी विचारलं, “मी वर येऊ का?” वहिनी म्हणाल्या, सोऱ्या दाबायला या, वही खाली ठेवा. ते आले, तासभर सोऱ्या दाबला, खांदा दुखतो म्हणून उतरले.

न सुटलेलंही आहे. तिसऱ्या पाळीची सवय भाऊंच्या अंगातून गेलेली नाही. आठवड्यातून एखाद-दोन रात्री ते दोन-अडीचला उठून घरभर फिरतात, दिवे लावतात, त्यामुळे वहिनींची झोप मोडते. डॉक्टरांना दाखवलं, बीपीच्या गोळीची वेळ बदलली, फरक थोडाच. सध्या वहिनी वरच्या खोलीत झोपतात. मुलीला हे ऐकून धक्का बसला होता. दोघांना त्याचं काही वाटत नाही.

महिला सन्मान पत्राची दोन वर्षांची मुदत संपून २,३२,०४४ रुपये वहिनींच्या खात्यात आले. भाऊंचं मत मुदत ठेवीचं, वहिनींनी अजून काही ठरवलेलं नाही आणि भाऊंनी एकदाच विचारून सोडून दिलं.

आणि नवा विषय पुण्याचा. सून बाळंत होणार आहे, मुलाला वाटतं दोघांनी कायमचं तिकडे यावं. भाऊ तयार आहेत. नातवंडाचं वेळापत्रक लावायला त्यांचा हात आत्ताच शिवशिवतोय. वहिनी बाळंतपणापुरत्या तीन महिने जायला तयार आहेत, सिडकोचं घर बंद करायला नाहीत. यावर दोघांचं एकमत नाही आणि मी ते घडवून आणायच्या मागेही नाही. दिवाळीनंतर ठरवू, असं मुलाला कळवलंय. तोवर फोन आईच्या मोबाइलवर करत जा, एवढं त्याला सांगून ठेवलंय. फाइलच्या पुठ्ठ्यावर भाऊंच्या शेजारी वहिनींचंही नाव लिहिलंय, फाइल चालू आहे.